टोपीचा ताईत

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दुपारी एक बाई माझ्या उशाशी बसून लोकर विणत होती. मी पलंगाचा लोखंडी दांडा धरून देवाला आणि नवऱ्याला आळीपाळीने बोल लावत होते, आणि ही पांढऱ्या साडीतली, जाड भिंगांच्या चष्म्याची नर्स पिवळ्या लोकरीचे टाके एका सुईवरून दुसऱ्या सुईवर घेत होती. कळ आली की सुया मांडीवर ठेवायची, माझ्या पोटावर हात ठेवून बघायची, कळ ओसरली की पुन्हा सुया उचलायची. शेवटी न राहवून मी म्हटलं, "सिस्टर, मी इथे मरतेय आणि तुम्ही स्वेटर विणताय?" तिने मान वर केली नाही.

"सोटर नाही, टोपी हाय. अन् तू मरून नाही राह्यली. दोन कळांच्या मधात अजून नऊ ओळी होऊन राह्यल्या. तीन ओळींवर आलं का मी सुया ठेवतो."

तिचं नाव वत्सलाबाई. पण आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात आणि आसपासच्या खेड्यांत तिला कोणी त्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांची ती सिस्टर. छातीवर घड्याळ टाचलेलं असे, पण कळा ती ओळींवर मोजायची. पुढे ओळख वाढल्यावर मी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली की घड्याळाकडे पाहत बसलं की बाईला वाटतं आपल्याला उशीर होतोय, आणि ती घाबरते. विणणारी बाई जवळ असली की वाटतं, चाललंय ते नेहमीचंच चाललंय. "घाई पोटातल्याले असते, आपल्याले नसावी," असं ती म्हणायची. सगळ्या ओळी सारख्याच वेळात व्हाव्यात म्हणून तिने हात असा बसवला होता की तिच्या ओळीला मिनिटाच्या थोडं वर लागायचं, ना कमी ना जास्त. खात्री पटावी म्हणून मी एकदा घड्याळ लावून बसले होते. घड्याळ आणि सिस्टर यांच्यात फरक निघाला नाही.

संध्याकाळी तीन ओळींवर आलं. तिने सुया पिशवीत टाकल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि मग ती एकदम दुसरीच बाई झाली, म्हणजे हुकूम सोडणारी. मुलगी झाली. पुसून, वजन करून, डोक्याला मोजपट्टी लावून झाल्यावर सिस्टरने पुन्हा हात धुतले, ती अर्धी टोपी काढली, आणखी चार ओळी घातल्या, सगळ्या टाक्यांतून धागा ओवून ओढला, कड शिवली, आत मऊ जुनं सुती फडकं बसवलं आणि माझ्या लेकीच्या डोक्यावर चढवली. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत. टोपी अशी बेतशीर बसली होती की माझ्या सासूबाईंनी विचारलं, माप कधी घेतलं?

या टोपीमागचं गुपित मला नंतर कळलं आणि ते नीट सांगायला हवं, कारण माझी सगळी चूक त्यातच आहे. आमच्याकडे बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत. अंगडं नाही, टोपी नाही. आधी तयारी केली तर विपरीत होतं, असं म्हणतात, आणि तसं आधी काही दिसलं तर सासवा कावतात. त्यामुळे दवाखान्यात येणाऱ्या एकाही घराकडे बाळाच्या डोक्यावर घालायला काही नसे. डिसेंबरातली पहाट, दोन किलोचं पोर आणि डोकं उघडं. लहान जीवाची ऊब डोक्यातूनच जाते, हे सिस्टरला शिकवलेलं होतं आणि तिने ते डोळ्यांनी पाहिलंही होतं. तिने सासवांशी भांडून पाहिलं. भांडणात वेळ जायचा. मग तिने युक्ती काढली. टोपी आणायची, पण पुरी करायची नाही. वरचं तोंड उघडं, टाके सुईवर. "पुरी टोपी दिसली का कावतात. अधुरी असली का कोनी काही म्हनत नाही. अन् तसंही डोकशाचं माप आल्याबिगर टोपी बंद करनं म्हंजे येडेपना." झालं, एवढंच. रीतही मोडली नाही आणि पोराचं डोकंही झाकलं.

माझं माहेर अकोल्याचं. मालेगावच्या हायस्कुलात मराठी शिकवायला म्हणून आले आणि इथलीच झाले. बाळंतपणाच्या रजेत घरी बसून कंटाळले होते, तेव्हा सिस्टर लेकीला बघायला यायची. तिचं घर आमच्याच गल्लीत, चौथं. नवरा लवकर गेलेला, मुलगा नागपूरला नोकरीला, घरात ती आणि बुद्धाची एक तसबीर. तिने माझ्या हातात सुया दिल्या. चाळीस टाके घाल म्हणाली. मी घातले. ओळीच्या शेवटी ते सदतीस भरले. तिने हातातून घेऊन सगळं उसवलं आणि परत दिलं. पहिल्या महिन्यात मी काय विणलं असं कोणी विचारलं तर खरं उत्तर असं की काहीच नाही, पण उसवायला मात्र पक्की शिकले. चुकलं तिथेच उसवायचं, चूक पुढच्या ओळीत न्यायची नाही, हा तिचा कायदा होता. बाहेरून दिसत नाही म्हणून सोडून दे, असं म्हटलेलं तिला खपत नसे. एकदा वाशीमच्या एसटीत पुढच्या सीटवरच्या एका अनोळखी बाईला तिने सांगितलं होतं की तुमच्या स्वेटरची उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटं लांब आहे, द्या, मालेगाव येईपर्यंत उसवून देतो. त्या बाईने दिला नाही. सिस्टर दिवसभर हळहळत होती.

ब्लॉग सुरू केला तेव्हा लेक पाच वर्षांची होती. त्या काळात ज्याला चार ओळी लिहिता येत तो ब्लॉग काढत होता, आणि मला तर आपल्याला फार छान लिहिता येतं असं कॉलेजपासून वाटत आलेलं. नाव ठेवलं 'चार टाके'. वऱ्हाडात लोकरीचा ब्लॉग म्हटल्यावर स्टाफरूममध्ये हसू पिकलं. मे महिन्यात आमच्याकडे पितळेच्या हंड्याला हात लावला तर भाजतो, तिथे ही बाई मफलर शिकवणार. पण हिवाळाही आमच्याकडे असतोच, आणि वाचणाऱ्या बायका तर कुठल्या कुठल्या निघाल्या. नाशिकच्या, सांगलीच्या, कॅनडात मुलीकडे जाऊन बर्फात अडकलेल्या एक आजी. मराठीत कृती हवी होती सगळ्यांना. इंग्रजी पुस्तकातल्या खुणा त्यांना कळत नव्हत्या, मलाही नव्हत्या.

कृती छापण्याआधी सिस्टर ती तपासायची. तिची रीत अशी की मी वाचायचं आणि तिने मी वाचलं तसंच विणायचं, स्वतःची अक्कल घालायची नाही. "मले काहीच येत नाही असं समज अन् सांग." मी वाचत असे, 'आता प्रेमाने चार टाके कमी करा.' ती सुया थांबवायची. प्रेमाने म्हणजे कसे? एका बाजूने चार का दोन्ही बाजूंनी दोन-दोन? मी लिहिलं होतं, 'बाही मनासारखी लांब होऊ द्या,' तर तिने ती गुडघ्याखाली जाईपर्यंत विणली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, माहं मन एवढं हाय. माझ्या एकेका पोस्टमधून ती विशेषणं अशी वेचून काढायची जसे तांदळातले खडे. खरं सांगते, तेव्हा राग यायचा. आज ते सगळे जुने लेख वाचते तेव्हा वाटतं, मराठीची एम.ए. मी केली आणि मराठी मला शिकवली एका नर्सने.

ती निवृत्त झाली तेव्हा दवाखान्याने नारळ-शाल देऊन निरोप दिला, पण टोप्या काही थांबल्या नाहीत. महिन्याला वीस-पंचवीस अर्ध्या टोप्या ती नव्या नर्सबाईंकडे पोचवायची. वरचे टाके सुईऐवजी जाड दोऱ्यावर घेतलेले. बंद कशा करायच्या हे तिने त्या मुलींना शिकवून ठेवलं होतं. मी ठरवलं, या टोपीवर लिहायचं.

तो लेख मी एका रविवारी सकाळी एका बैठकीत लिहिला. कृती खाली होती, अगदी नीट, टाका न् टाका मोजलेली. वर मात्र मी मला हवं ते लिहिलं. रीत, युक्ती, डोक्याचं माप, हे सगळं मला फार रुक्ष वाटलं. मी लिहिलं: 'सिस्टरच्या सुईवर टोपी अधुरी आहे, तोवर मृत्यूला त्या उंबरठ्यावरून आत येता येत नाही. तो दारात उभा राहतो, टाके मोजतो, आणि मोजता मोजता उजाडतं.' वाक्य छान आहे. अजूनही मला ते छानच वाटतं, हीच तर पंचाईत आहे. सिस्टरला मी फक्त खालची कृती वाचून दाखवली. वरचा मजकूर दाखवला नाही, कारण ती तो काढायला लावेल हे मला पक्कं ठाऊक होतं.

तीन वर्षांत ब्लॉगला जेवढे वाचक मिळाले नव्हते तेवढे त्या एका लेखाला आठवड्यात मिळाले. बायकांनी रडून अभिप्राय दिले. मग तो व्हॉट्सॲपवर निघाला, कृती गळून पडली, माझं नाव गळून पडलं, उरलं ते सिस्टर, टोपी आणि दारात उभा मृत्यू. फिरत फिरत तो आमच्याच तालुक्यात परत आला तेव्हा त्याच्या खाली हात जोडल्याच्या खुणा होत्या आणि 'मालेगाव येथील चमत्कार' असं शीर्षक होतं. मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू.

त्याच दिवसांत गोदाबाई नावाची एक बाई माझ्या दारी आली. दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यातली, पाच-सात एकरांची शेती, डोक्यावरून पदर, हातात शेंगांची पिशवी. सून पहिलटकरीण आहे, मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं, ती टोपी मिळेल का, म्हणाली. ती आधी सिस्टरकडे गेली होती, सिस्टर नागपूरला मुलाकडे गेलेली. फोटोसाठी म्हणून सिस्टरच्या दोन अर्ध्या टोप्या माझ्याकडे होत्या. त्यातली एक मी दिली. मी दोन्ही हातांनी दिलेली टोपी गोदाबाईने कपाळाला लावली. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. दवाखान्यात नाव टाकलंय का, एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही. शेंगा ठेवून घेतल्या.

पंधरा दिवसांनी, सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असताना, एका रविवारी दुपारी मी सिस्टरच्या घरी बसले होते. पुढच्या लेखाचं मोज्याचं काम चाललं होतं. दारात मोटारसायकल थांबली. गोदाबाईचा मुलगा होता. अंगावर शेतातलेच कपडे. त्याने सिस्टरला सांगितलं की बायकोला सकाळपासून कळा आहेत, टोपी उशाशी ठेवली आहे, पण काही होऊन राह्यलं नाही, तेव्हा टोपी ठेवण्यात काही चुकलं का, ते विचारायला आईने पाठवलंय.

सिस्टरला आधी कळलंच नाही. कुठली टोपी, असं तिने दोनदा विचारलं. मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तो मजकूर तिला वाचून दाखवायला लागला. दोन वाक्यं ऐकून तिने त्याला हाताने थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. तिने त्याला विचारलं, कळा सकाळी किती वाजता सुरू झाल्या, पाणी गेलं का, दवाखान्याच्या गाडीला फोन केला का. फोन केला नव्हता. तो तिने मला करायला लावला. हातातला मोजा सुयांसकट तिथेच खाली टाकला आणि ती त्याच्या मागे बसली. मी तिच्या मागे. असे आम्ही तिघं त्या खेड्याला गेलो. साठीची बाई दोन माणसांच्या मधोमध बसून सगळा रस्ता त्या मुलाच्या खांद्यावर बोटं आपटत होती, जोरात चालव म्हणून.

संगीता, म्हणजे ती सून, खाटेवर होती. चेहरा पांढरा पडलेला, ओठ कोरडे. उशाशी पाटावर ती टोपी, तिला हळद-कुंकू लावलेलं, पुढे उदबत्ती. सिस्टरने पाट पायाने बाजूला सारला. कळ येताच पोटावर हात ठेवून ती वाट बघत राहिली, मग बाळाचे ठोके ऐकायला कान लावला. गाडी आली तेव्हा तिने मला एवढंच सांगितलं की मूल आडवं आहे, वाशीमला न्यावं लागेल. गोदाबाई म्हणाली, आम्ही तर टोपी आहे म्हणून निश्चिंत होतो.

वाशीमला ऑपरेशन झालं. मुलगी झाली. आई आणि मुलगी दोघी वाचल्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी तास-दीड तास गेला असता तर दोघींपैकी कोणाचंच सांगता आलं नसतं. ऑपरेशन चालू असताना सिस्टर बाहेरच्या बाकावर बसली होती. तिचे हात मांडीवर मोकळे होते. इतक्या वर्षांत मी ते हात असे मोकळे कधी पाहिले नव्हते. तिच्या शेजारी बसायची मला भीती वाटली आणि मी समोरच्या बाकावर बसले. गोदाबाईला ती एक शब्द बोलली नाही. मी नंतर विचारलं, तिला का नाही बोललात, तर म्हणाली, तिले कायले बोलू, तिनं लिहिलेलं खरं मानलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मालेगाव जवळ आलं तेव्हा बोलली. आवाज चढवला नाही.

"माह्या बापानं दीक्षा घेतली त्या दिशी घरातले सारे गंडे-ताईत चुलीत घातले. मी तवा मायच्या मांडीवर होती. अडतीस वर्सं मी घराघरात जाऊन सांगत राह्यली, अंगारा नको, ताईत नको, गाडीत बसा. अन् तुवा माह्या टोपीचा ताईत केला."

मी रडले. रडण्याचा तिच्यावर परिणाम होत नसे, आयुष्यभर रडणाऱ्या बायकाच तर पाहिल्या होत्या तिने. ती म्हणाली, आता उसव.

इथे माझी लाज वाटावी अशी गोष्ट आहे. मी लगेच उसवलं नाही. आठ दिवस गेले. तो लेख म्हणजे ब्लॉगचं नाव झालं होतं, एका मासिकाने तो छापायला मागितला होता. मी त्याच्याखाली एक टीप टाकली, 'वाचकांनी यातला भावार्थ घ्यावा.' ती टीप मी मोठ्या तोऱ्यात सिस्टरला वाचून दाखवली. ती म्हणाली, "भावार्थ घेऊनच त्या बाईनं सुनेले घरी ठेवलं." आणि उठून आत गेली. चहाही विचारला नाही. उरलेले दिवस तिचं दार माझ्यासाठी उघडलं नाही म्हणा ना. गल्लीतून जाताना ती ओट्यावर विणत बसलेली दिसायची, मी दिसले की ओळ मोजत असल्यासारखी मान खाली घालायची.

नवव्या दिवशी मी लेख काढून टाकला आणि तिच्याकडे गेले. तिने विचारलं, आता सगळीकडून गेला? मी सांगितलं की नाही, माझ्याकडून गेला, लोकांच्या फोनमधून मला काढता येत नाही. हे तिला समजावायला बराच वेळ लागला. विणलेलं उसवता येत नाही अशी वस्तू जगात असते, हे तिला पटेना. शेवटी म्हणाली, मग लिही. तिने सांगितलं तसं, एकही शब्द न बदलता मी लिहिलं: 'ही टोपी वरून बंद करत नाही, कारण बाळाच्या डोक्याचं माप आधी कळत नाही. टोपीने थंडी जाते. बाकी काही जात नाही. आधीचा लेख खोटा होता. कळा सुरू झाल्या की दवाखान्यात जा. वत्सला, नर्स, निवृत्त.' वर माझं नाव आणि कबुली. कॅनडाच्या आजींनी लिहिलं, शाब्बास. बाकीच्या पुष्कळ जणी नाराज झाल्या. एकीने लिहिलं, श्रद्धेच्या गोष्टीत असं बोलू नये. मासिकाने पत्र पाठवून नकार कळवला. हे लेखन चमत्काराच्या लेखाच्या शंभराव्या हिस्स्याइतकंही कोणी पुढे पाठवलं नाही.

त्यानंतर ब्लॉग हळूहळू लहान होत गेला. यूट्यूबवर हात दिसतात, तिथे माझे शब्द कोण वाचणार? पण मी बंद केला नाही, आणि सिस्टरने तपासणं बंद केलं नाही. तिचा राग संपला तो एका मोज्याच्या टाचेवर. मी लिहिलेली टाच तिने विणून पाहिली आणि ती पहिल्याच खेपेला बरोबर आली. "आता जमून राह्यलं तुले," ती म्हणाली. मला एवढी मोठी पावती कुठल्याही मासिकाने दिली नसती. तो चमत्काराचा मजकूर दर वर्ष-दोन वर्षांनी कुठल्या तरी गटात उगवायचा. मी प्रत्येक वेळी खाली लिहायचे, हे खोटं आहे, हे मीच लिहिलं होतं. बहुतेक वेळा कोणी उत्तर देत नसे.

सिस्टर गेल्या हिवाळ्यात गेली. फार आजारी नव्हती. दम लागायचा, मुलगा नागपूरला घेऊन गेला, महिन्याभरात बातमीच आली. शेवटच्या फोनवर तिने विचारलं होतं की दवाखान्यात टोप्या पोचतात का. मी सांगितलं, पोचतात, मी विणते. किती, तिने विचारलं. मी म्हटलं, महिन्याला सात. ती म्हणाली, कमी होऊन राह्यल्या.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम मालेगावच्या बुद्धविहारात झाला. वंदना झाली, मग बोलणाऱ्यांची रांग लागली. गर्दी अशी की विहाराच्या बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. खेड्याखेड्यांतून बायका आल्या होत्या, सगळ्या जातींच्या, आणि त्यांच्याबरोबर तिच्या हातावर जन्मलेली, आता मिशा फुटलेली मंडळी. शेवटी तालुक्याचे एक पुढारी उठले, ज्यांना माइक दिसला की सापडलेला विषय सोडवत नाही. त्यांनी खिशातून फोन काढला. म्हणाले, सिस्टर म्हणजे देवमाणूस, नव्हे साक्षात देवी, आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'सिस्टरच्या सुईवर टोपी अधुरी आहे...'

माझं वाक्य. फार सुरेख वाचलं त्यांनी. बायका पदराने डोळे पुसत होत्या. पुढच्या रांगेत दिवस भरत आलेली एक पोर बसली होती, तिच्या सासूने ऐकता ऐकता हात जोडले. मी ते जोडलेले हात पाहिले आणि उभी राहिले. मी म्हणाले, "साहेब, थांबा. हे मी लिहिलंय आणि हे खोटं आहे. सिस्टरला याचा फार त्रास झाला होता."

पुढारी गोंधळून फोनकडे बघू लागले. मागून कोणीतरी पुरुष म्हणाला, बसा मॅडम, ही वेळ आहे का? सिस्टरच्या मुलानेही मान खाली घातली. मी बसायला वाकलेच होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने, भिंतीजवळून, एक म्हातारी उठली. मी ओळखलं नाही आधी. पाठीला बाक आलेला, हातात काठी. गोदाबाई होती.

"बसू नका, मॅडम," ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. "मी ठेवली होती सुनेले घरी. सकाळपासून दुपारपावेतो. टोपीपुढं उदबत्ती लावून. माही नात टोपीनं नाही जगली. सिस्टर जेवनवेळेले फटफटीवर बसून आली, म्हनून जगली. आजलोक म्या हे कोनालेच नाही सांगतलं."

गोदाबाई काठी टेकत बायकांमधून वाट काढत पुढे आली आणि त्या दिवस भरत आलेल्या पोरीसमोर येऊन थांबली.

"कितवा?" तिने विचारलं.

"आठवा सरला," पोरगी म्हणाली.

"दवाखान्यात नाव टाकलं?"

पोरीने सासूकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"उद्या नऊ वाजता स्टँडवर येजो," गोदाबाई म्हणाली. "मी येतो संगं."